दुसऱ्या कॉलेजातली करुणा

ज्या कॉलेजात करुणाचं नाव होतं, त्या कॉलेजाचं गाव तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ते कुठल्या जिल्ह्यात आहे, हेसुद्धा तिला त्या मंगळवारी दुपारी औरंगपुऱ्यातल्या एका नेट कॅफेत, पडद्यावर वाचून कळलं.

ती तिथं शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आली होती. सोबत मोनाली होती. दोघी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, आणि शहराच्या छावणी भागात एकाच खोलीत राहायच्या. मोनालीचा फॉर्म अर्ध्या तासात भरून झाला होता. करुणाची फाइल तर तिच्याहून नीटनेटकी: जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, आणि बारावीनंतर दोन वर्षं आपण कुठंही शिकत नव्हतो असं सांगणारं प्रतिज्ञापत्र. ती दोन वर्षं तिनं फर्दापूरला, लेणीच्या फाट्यावरच्या एका दुकानात पर्यटकांना चकाकते दगड विकण्यात काढली होती. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिच्या वडलांनी सोयगावच्या तहसीलला चार खेपा घातल्या होत्या. शनिवार शेवटचा दिवस होता. त्याच्या आत फॉर्म गेला नाही तर सगळी फी स्वतः भरा, नाहीतर परीक्षेचा फॉर्म मिळणार नाही, असं कॉलेजनं फळ्यावर लिहून लावलं होतं.

कॅफेवाल्यानं तिचा आधार नंबर टाकला आणि तो थांबला.

"ताई, तुमचं खातं तर आधीच उघडलेलं दिसतंय."

"नाही हो. मी पहिल्यांदाच भरतेय."

"कुणीतरी भरलंय. असू द्या. पासवर्ड विसरलो म्हणून टाकतो. ओटीपी येईल, तो सांगा."

करुणा फोन हातात धरून बसली. ओटीपी आला नाही. कॅफेवाल्यानं पडद्याकडं बोट केलं. ओटीपी ज्या मोबाइलवर गेला होता त्याचे शेवटचे दोन आकडे एक्केचाळीस होते. करुणाचा नंबर सतरानं संपायचा. घरात, भावकीत, ओळखीपाळखीत एक्केचाळीसचा कुणाचाच नंबर तिला आठवेना.

"मग अंगठ्यानं उघडू," कॅफेवाला म्हणाला आणि त्यानं छोटं मशीन पुढं सरकवलं.

अंगठा पहिल्याच खेपेला लागला. पडद्यावर फोटो आला. फोटो तिचाच होता. दोन वर्षांपूर्वीचा, दोन वेण्या घातलेला, मागं पिवळा पडदा. खाली एका अनोळखी कॉलेजाचं नाव, गाव, जिल्हा, आणि पुढं लिहिलं होतं: डी. फार्मसी, द्वितीय वर्ष. आणि त्याखाली: मागील वर्षाची रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा.

कॅफेवाल्यानं खुर्ची वळवून तिच्याकडं पाहिलं. आवाज खाली आणून तो म्हणाला, "ताई, तुम्ही फार्मसी सोडून इकडं आलात का? तसं असंल तर सांगा. कारण तिकडचं नाव निघाल्याशिवाय इकडचा फॉर्म उघडत नाही. आणि तिकडचे पैसे तर उचललेले दिसायलेत."

"मी नाही उचलले."

"मग कुणी?"

मोनाली काहीतरी बोलत होती, ते तिला ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात हातातला फोन वाजला. अनोळखी नंबर होता. तिनं शेवटचे आकडे पाहिले. एक्केचाळीस.

"करुणा ना?" पलीकडून आवाज आला. मऊ, सावकाश, शाळामास्तरासारखा. "मी राजेंद्र सर. ओळखलं का बाई? तुमच्या विहारात शिबिर घेतलं होतं बघ, मोफत कॉम्प्युटरचं. तुझा ओटीपी माझ्याकडं आला आत्ताच. म्हटलं काय अडचण आली लेकराला?"

करुणा कॅफेच्या बाहेर आली. रस्त्यावर रिक्षा, हातगाडे, माणसांची ही गर्दी. तरी तिला वाटलं, सगळे आपल्याकडंच बघतायत.

"सर, माझं नाव फार्मसीला कसं काय?"

"ते तांत्रिक असतं. मी महिना-दोन महिन्यांत काढून टाकतो. तू एवढंच कर, त्या लॉगिनला हात लावू नको."

"शनिवारी शेवटची तारीख आहे सर. माझं वर्ष जाईल."

"जाईना एक वर्ष. पुढच्या साली मी स्वतः भरून देतो तुझा फॉर्म."

"मग मी कॉलेजात सांगते."

मग तोच आवाज आला, पण त्यातला मऊपणा गेलेला.

"सांग की. काय सांगशील? बँकेतलं खातं तुझ्या नावचं हाय. अंगठा तुझा हाय. पैसे तुझ्या खात्यातनं निघाले. सरकारचे पैसे खाल्ले म्हणून आधी कुणाला धरतील? आणि एक ध्यानात ठेव. वस्तीतल्या सत्तावीस पोरापोरींची यादी कुणाच्या अक्षरात हाय, ते तुझ्या बापाला इचार. मग जा सांगायला."

फोन बंद झाला.

तिला बापाला विचारायची गरज नव्हती. ते शिबिर तिच्या डोळ्यांपुढं लख्ख उभं राहिलं. तिचे वडील सांडू एका लॉजवर माळीकाम करायचे. शिक्षण दहावीपर्यंतच, पण अक्षर असं की वस्तीत कुणाला अर्ज लिहायचा असला की माणूस त्यांच्याच दारात येई. ग्रामपंचायतीचा अर्ज, लग्नाची पत्रिका, शाळेचा दाखला हरवल्याचं पत्र. सांडू पेन पुसून बसायचे आणि छापल्यासारखं लिहून द्यायचे. राजेंद्र सर वस्तीत आला तेव्हाही लोकांनी त्याला सांडूंकडंच पाठवलं. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, तोंडात जय भीम. सांडू त्याला घेऊन दारोदार फिरले होते. "लेकरांना फुकट कॉम्प्युटर शिकवायलेत, आधारची अन् गुणपत्रिकेची झेरॉक्स द्या," असं तेच सांगत होते. विहारात पिवळ्या पडद्यापुढं बसवून प्रत्येकाचा फोटो काढला. हजेरीचं मशीन म्हणून अंगठे घेतले. सांडूंनी जाड वहीत नावं लिहिली. कॉम्प्युटर शेवटपर्यंत आलेच नाहीत, आणि त्या सालच्या उन्हाळ्यात लोक ते विसरूनही गेले.

मोनाली बाहेर आली तेव्हा करुणा भिंतीला टेकून उभी होती.

"कुणाचा फोन?"

"चुकीचा लागला," करुणा म्हणाली.

बुधवारी कॉलेजात नाडी मोजायचं प्रात्यक्षिक होतं. दोघी-दोघींनी समोरासमोर बसून एकमेकींची नाडी मोजायची आणि वहीत लिहायची. मोनालीनं करुणाच्या मनगटावर तीन बोटं ठेवली, घड्याळाकडं बघितलं, पुन्हा मोजली, मग तिसऱ्यांदा मोजली.

"एकशे अठरा," ती हळूच म्हणाली. "करुणा, तू नुसती बसलेली आहेस."

"पायऱ्या चढून आले."

"दहा मिनिटं झाली आपल्याला येऊन."

करुणानं हात मागं घेतला. रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता आणि सकाळी छावणीतून निघताना रस्त्यात पोलिसांची गाडी उभी दिसली तेव्हा ती जागीच थांबली होती. गाडीतले शिपाई चहा पीत होते. त्यांनी तिच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. तरी ती गल्लीतून वळसा घालून कॉलेजला आली. तिच्या मनात सारखं एकच चित्र येत होतं: वर्ग भरलाय, दारात शिपाई आलाय, आणि तो तिचं पूर्ण नाव घेतोय. आणि त्यानंतरचं चित्र त्याहून वाईट होतं. त्यात शिपाई फर्दापूरला जात होता आणि सांडूंना लॉजच्या बागेतून, हाताला माती लागलेली असतानाच, उठवत होता.

त्या दिवशी राजेंद्र सरचा पुन्हा फोन आला. दोनदा. पहिल्यांदा म्हणाला, कॉलेजचं नाव कळलं मला तुझ्या. दुसऱ्यांदा काहीच बोलला नाही, नुसता श्वास ऐकू आला. करुणानं फोन बंद करून उशीखाली ठेवला, आणि मग घरून फोन आला तर काय, म्हणून पुन्हा चालू केला.

गुरुवारी तनुजा मॅडमनी तिला बोलावून घेतलं. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाच्या त्या क्लार्क. चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला, टेबलावर फायलींची चळत, आणि बोलणं असं की मुली त्यांच्या खिडकीपुढं जाताना आधी ओढणी सारखी करायच्या.

"बासष्ट मुली. एकसष्ट फॉर्म आले. तुझा कुठंय?"

"भरते मॅडम."

"कधी? शनिवारी संध्याकाळी सगळा महाराष्ट्र भरायला बसणार आहे. साइट उघडणार आहे का तेव्हा? कागद कमी आहे का काही?"

"नाही."

"मग?"

करुणानं तोंड उघडलं, पण शब्द येण्याआधी रडूच आलं. तनुजा मॅडमनी उठून दार लोटलं. पाण्याची बाटली पुढं केली. मग करुणानं सांगितलं. सगळं नाही. वडलांच्या वहीचं तेवढं तिनं वगळलं.

ऐकताना मॅडमचा चेहरा हळूहळू कडक होत गेला. "दोन कॉलेजात एका वेळी नाव? तुला कळतंय का हे काय आहे ते? आम्ही तुझा प्रवेश कळवलाय वर. उद्या चौकशी आली तर मलाच विचारतील." मग त्यांनी तिचा अंगठा घेऊन आपल्या कॉम्प्युटरवर ते पान उघडलं. चष्मा डोळ्यांवर घेऊन त्यांनी फोटो मोठा करून पाहिला, तारखा पाहिल्या, कागदावर काही टिपून घेतलं.

"ही गुणपत्रिका तुझी. उत्पन्नाचा दाखला मात्र तुझा नाही. सोबतच्या पालकाच्या घोषणापत्रावर सही कुणाची आहे ही? तुझ्या वडलांची?"

"माझे वडील अशी सही करत नाहीत. ते पूर्ण नाव लिहितात."

"हं." मॅडम खुर्चीत मागं टेकल्या. "नीट ऐक. याचा माग कधी ना कधी लागतोच. आज तू होऊन लिहून दिलंस, तर तू तक्रार करणारी. उद्या त्यांनी शोधून काढलं, तर तू त्यांच्यातली. मध्ये दुसरी जागा नाही. उद्या सकाळी अकराला समाजकल्याणच्या कार्यालयात जायचं. मी कॉलेजचं पत्र देते. शिबिर कुणी घेतलं, कधी घेतलं, कोण कोण होतं, काही पुरावा आहे का? एखादा कागद, पावती, यादी?"

यादी. वडलांच्या अक्षरातली.

"घरी विचारून सांगते," ती म्हणाली.

कॉलेज सुटल्यावर तिनं कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर बसून वडलांना फोन लावला. पलीकडं पाण्याच्या नळीचा आवाज येत होता. ते झाडांना पाणी घालत होते.

"बोल बाई. भरला का फॉर्म?"

तिनं सांगितलं. या वेळी काहीही न वगळता. एक्केचाळीसचा नंबर, फार्मसी, पैसे, धमकी, मॅडम काय म्हणाल्या ते, आणि वही. सांगता सांगता पलीकडचा पाण्याचा आवाज थांबला.

"बाबा?"

"ऐकायलोय."

"बाबा, ती वही जाळून टाकली तर? मी सांगते, मला काही आठवत नाही म्हणून. तुमचं नाव येणारच नाही."

सांडू म्हणाले, "सत्तावीसच्या सत्तावीस लेकरांचं असंच झालं असंल का?"

"माहीत नाही."

"कडूबाच्या रूपाचंबी नाव मीच लिवलं व्हतं. ती यंदा बारावीला हाय." आणि फोन बंद झाला.

तिनं पुन्हा लावला. वाजून वाजून थांबला. तासाभरानं लावला तेव्हा फोन बंदच होता. मग तिची आई, पारूबाई, हिचा फोन आला.

"काय सांगितलंस गं तू तुह्या बापाला? कामावरनं आले, कोपऱ्यात बसले, भाकरीला शिवले नाय. फोन फळीवर टाकला अन् गेले कुठं तरी निघून."

"कुठं गेले?"

"मला सांगून गेले असते तर तुला कशाला इचारलं असतं?"

आपण काय केलं हे? ज्या माणसाला आयुष्यात कुणी 'अरे' म्हणून हाक मारली तरी दोन दिवस लागून राहायचं, त्याला आपण फोनवर सांगितलं की तुमच्या हातून वस्तीतली सगळी लेकरं फसली. समोर बसून सांगायचं होतं. हात धरून सांगायचं होतं. फर्दापूरच्या मागचा घाट, रस्त्यावरून सुसाट जाणारे ट्रक, तळ्याचा काठ. नको नको ते तिच्या डोळ्यांपुढं येत राहिलं. अंधार पडता पडता आईनं कळवलं की ते घरी आले, पण कुणाशी बोलेनात आणि आल्या आल्या भिंतीकडं तोंड करून पडले. करुणाला तेवढ्यानं हायसं वाटलं नाही. सकाळी आईचा पुन्हा फोन आला. पहाटे उठून बघते तर अंथरूण रिकामं. फोन फळीवर तसाच.

शुक्रवारी सकाळी करुणा कॉलेजच्या फाटकापाशी उभी होती. मोनालीला तिनं आता सगळं सांगितलं होतं आणि मोनाली तिच्या शेजारीच उभी होती, तिचं मनगट घट्ट धरून. साडेदहा झाले. तनुजा मॅडम हातात पत्र घेऊन बाहेर आल्या. "चल, रिक्षा मिळते का बघू."

"मॅडम, माझे बाबा..." एवढंच करुणाला म्हणता आलं.

आणि त्याच वेळी तिला रस्त्याच्या पलीकडं दोन माणसं दिसली. पुढं एक बुटका, दणकट माणूस, डोक्याला रुमाल. तो वस्तीतला कडूबा, रूपाचा बाप. आणि त्याच्या दहा पावलं मागं सांडू. स्वच्छ धुतलेला पांढरा शर्ट, काखेत कापडी पिशवी. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं आणि गळ्याजवळ ओरखडा होता.

करुणा धावत गेली. "बाबा, कुठं होता तुम्ही? फोन का ठेवून आलात? आम्ही इकडं..." तिनं त्यांचा दंड धरला आणि सोडलाच नाही.

"फोन जवळ ठेवला असता तर माझी हिंमत झाली नसती, बाई. तू नको म्हनली असतीस, अन् मी ऐकलं असतं," सांडू म्हणाले. "काल घरोघर फिरलो. समद्यांना सांगितलं. सव्वीस दारं, सत्ताविसावं आपलंच. ज्या दारात कागद मागायला गेल्तो, त्याच दारात पुन्हा उभं राहायचं म्हणजे..."

"तुमच्या गळ्याला काय झालं?"

उत्तर कडूबानं दिलं. तो सांडूंकडं न बघता म्हणाला, "मी धरली गचांडी. खोटं कशाला बोलू? माह्या पोरीचं नाव ह्यानं लिवलं. पन पहाटे हा एकटाच यष्टीला उभा दिसला, पिशवी घिऊन. म्हनलं, हा जातो का पळून जातो, बघू तरी. म्हनून बसलो मागच्या शिटावर." मग त्यानं पुस्ती जोडली, "फुलंब्रीपातूर बोललो नाय मी ह्याच्याशी."

समाजकल्याणच्या कार्यालयातले साहेब तरुण होते. त्यांनी कॉलेजचं पत्र वाचलं, करुणाचा अर्ज वाचला आणि विचारलं, "ही यादी कुणाकडं आहे?"

सांडूंनी पिशवीतून वही काढली. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. "माझ्याकडं हाय साहेब. अक्षर माझं हाय. लोकांना मीच गोळा केलं व्हतं."

साहेबांनी पानं उलटली. सत्तावीस नावं, आधारचे आकडे, मोबाइल नंबर, सगळं रांगेत, एकही खाडाखोड नाही.

"याचे पैसे मिळाले तुम्हाला?"

करुणानं मनात म्हटलं, नाही म्हणा. बाबा, नाही म्हणा.

"व्हय साहेब," सांडू म्हणाले. "दोनशे रुपये अन् एक शर्टपीस. शर्टपीस अजून तसाच हाय. शिवला नाय."

कडूबानं पहिल्यांदा मान वळवून सांडूंकडं पाहिलं. तनुजा मॅडम खाली बघत होत्या. साहेबांनी पेन ठेवलं आणि ते म्हणाले, "हे तुम्हाला पोलिसांपुढंही सांगावं लागेल. असंच. आत्ता आपण इथून ठाण्यात जाऊ. चालेल?"

"त्याच्यासाठीच आलोय," सांडू म्हणाले. पण खुर्चीवरून उठताना त्यांनी टेबलाची कड धरली, ते करुणाला दिसलं. तिनं हात पुढं केला. त्यांनी तो धरला.

ठाण्यात त्यांना साडेबाराला आत घेतलं. करुणाचा जबाब एका महिला अधिकाऱ्यानं घेतला. तासभर लागला. एक्केचाळीसचा नंबर, फोनच्या वेळा, सगळं लिहून झालं. मग सांडूंना आत बोलावलं आणि दार लोटलं. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले. दारातून मधून मधून कुणीतरी जोरात बोलल्याचा आवाज यायचा आणि प्रत्येक वेळी करुणा बाकावरून अर्धी उठायची. अटक करताना घरच्यांना सांगतात का? जेवण देतात का? त्यांची रक्तदाबाची गोळी पिशवीत आहे का? असलं काहीबाही ती मोनालीला विचारत राहिली आणि मोनालीला त्यातलं एकही उत्तर माहीत नव्हतं. कडूबानं बाहेर जाऊन केळी आणली. दोन पोरींना दिली आणि दोन बाजूला काढून रुमालात बांधली. कुणासाठी, ते त्यानं सांगितलं नाही.

सव्वाचारला दार उघडलं. सांडू बाहेर आले, एकटेच. चेहरा दिवसभर उन्हात उभं राहिल्यासारखा झाला होता.

"जा म्हनले," ते हळू आवाजात बोलले. "बोलावलं की यायचं. वही ठिवून घेतली."

"तुम्हाला आरोपी केलं का बाबा?"

"सध्या साक्षीदार लिवलंय. सध्या म्हनले." ते बाकावर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कडूबानं रुमाल सोडून केळी त्यांच्या मांडीवर ठेवली.

शनिवारी करुणाचा फॉर्म गेला नाही. जाणारच नव्हता. पण तक्रारीची शिक्का मारलेली प्रत तनुजा मॅडमनी प्राचार्यांपुढं ठेवली आणि त्या तिथून हलल्या नाहीत. अर्ध्या तासानं बाहेर येऊन त्या करुणाला म्हणाल्या, "परीक्षेला बसशील तू. फीचं नंतर बघू. हमीपत्रावर वडलांची सही लागेल." आणि खिडकीकडं जाता जाता मागं वळून: "पूर्ण नावाची."

त्यानंतरचे दोन महिने तिचे चांगले गेले असं कुणी म्हणणार नाही. एक्केचाळीसचा नंबर बंद पडला, पण वेगवेगळ्या नंबरांवरून फोन येत राहिले. कुणी बोलायचं नाही. करुणा ते नंबर आणि वेळा लिहून ठाण्यातल्या बाईंना कळवायची. सांडूंना तीनदा बोलावणं आलं. तिन्ही वेळा ती ठाण्याच्या बाकावर बसली. वस्तीतल्या काही घरांनी सांडूंशी बोलणं टाकलं ते टाकलंच. सत्तावीसांपैकी एकोणीस जणांच्या नावावर कुठं ना कुठं कॉलेज निघालं. त्यातला एक पोरगा तर दोन वर्षांपासून पुण्यात कंपनीत कामाला होता आणि कागदोपत्री तो नर्सिंग शिकत होता. राजेंद्र सरला पकडलं अशी बातमी आली, मग सुटला अशी आली, मग पुन्हा पकडलं अशी. खरं काय ते अजून कुणाला नीट माहीत नाही.

जानेवारीच्या शेवटी समाजकल्याणच्या कार्यालयातून पत्र आलं. तिचं जुनं नाव त्या दुसऱ्या कॉलेजातून काढलं होतं, आणि मुदत वाढवून मिळाल्यामुळं तिला नवा अर्ज भरायची परवानगी होती. तनुजा मॅडमनी स्वतःच्या खिडकीत बसवून तो तिच्याकडून भरून घेतला. आता तो 'तपासणीत' आहे. पैसे आलेले नाहीत. येतील, असं मॅडम म्हणतात, आणि त्या उगाच काही म्हणणाऱ्यातल्या नाहीत.

फेब्रुवारीत करुणा दोन दिवस घरी गेली. सांडू आता कुणाचे अर्ज लिहीत नाहीत. पेन खिशाला असतं, पण कुणी आलं की हात जोडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबाची रूपा दारात आली. महिन्याभरात तिचीही बारावी संपणार होती. तिनं प्लास्टिकची फाइल छातीशी दोन्ही हातांनी धरली होती.

"ताई, पुढच्या साली फॉर्म कसा भरायचा ते सांग," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "पण कागद मी देणार नाय. मीच धरून दाखवीन, तू नुसतं बघ. अन् अंगठा तर कुनालाच देणार नाय."

आतून पारूबाई म्हणाली, "अगं, आपली करुणाच हाय ती."

"असू दे," रूपा म्हणाली. भीतीनं तिचा आवाज बारीक झाला होता, पण ती हलली नाही.

करुणानं तिच्यासाठी उंबऱ्याजवळच पोतं अंथरलं. आपण हातभर अंतरावर बसली. "नको देऊस," ती म्हणाली. "तूच धर. आधी जातीचा दाखला काढ."